कागदावर पाहिल्याशिवाय होकार देऊ नका

लग्नपत्रिका, वास्तुशांतीचे निमंत्रण, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, पतसंस्थेचा अहवाल, चार हौशी मित्रांनी काढलेला दिवाळी अंक. यांतले काही ना काही छापून घेण्याची वेळ बहुतेकांवर कधीतरी येतेच. तेव्हा मजकूर कोणी लिहायचा, नावे कोणत्या क्रमाने लावायची, कोणाचा फोटो मोठा घ्यायचा यावर घरात नाहीतर मंडळात रात्र रात्र चर्चा होते. अक्षर मात्र डीटीपी करणारा जे लावेल ते चालते. फार तर आपण सांगतो, "जरा क्लासी काहीतरी लावा." मग हल्ली हमखास एक ठरावीक वळणाचे अक्षर समोर येते. त्याचे उभे दांडे जाडजूड असतात, आडव्या आणि जोडणाऱ्या रेघा अगदी बारीक आणि टोकांना नाजूक आडव्या पट्ट्या. परदेशी फॅशन मासिकांच्या मुखपृष्ठांवर, अत्तराच्या खोक्यांवर, दागिन्यांच्या जाहिरातींत दिसते तेच हे अक्षर.

मला ते फार आवडते. जाड आणि बारीक यांच्यातला इतका ठळक फरक नीट पेलला गेला की पानाला एक रुबाब येतो, जो दुसऱ्या कुठल्याही अक्षराने येत नाही. म्हणूनच ही विनंती करतो आहे. हे अक्षर वापरा, पण मोठे वापरा, शीर्षकाला वापरा. बारीक मजकुरात ते घालू नका. आणि काहीही छापून घेत असाल तरी मूळ आकारातली एक प्रत कागदावर काढून हातात घेतल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका.

आज होकार कसा दिला जातो ते पाहा. व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. आपण दोन बोटांनी पान मोठे करतो, आपले नाव शोधतो, ते बरोबर आहे असे दिसले की 'ओके' लिहितो. पण पान मोठे केले की रेघाही मोठ्या होतात. छापून आल्यावर कागद कोणी दोन बोटांनी मोठा करू शकत नाही. मोबाइलच्या उजळ पडद्यावर सुबक दिसलेली रेघ कागदावर तुटक होते, कधी पूर्ण गायब होते, आणि ते कळते तेव्हा हजार प्रती बांधून तयार असतात.

असे का होते हे समजून घ्यायला या अक्षराचा जन्म पाहावा लागतो. तो झाला अठराव्या शतकातल्या युरोपात. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल हा मुळात सुलेखन शिकवणारा आणि दगडावर अक्षरे कोरणारा माणूस. पुढे चकचकीत रोगणाच्या वस्तूंच्या धंद्यात त्याने पैसा मिळवला आणि तो छपाईच्या ध्यासापायी खर्च केला. त्याला हवी होती तितकी बारीक आणि स्वच्छ रेघ त्या काळच्या खरबरीत कागदावर उमटत नव्हती. म्हणून त्याने गुळगुळीत कागद मिळवला, छापलेले ताव तापवलेल्या पत्र्यांमध्ये दाबून काढले, शाई अधिक काळी केली. १७५७ साली त्याने छापलेला व्हर्जिलचा ग्रंथ या सगळ्या खटाटोपाचे फळ होते. अक्षर, कागद, शाई आणि दाब ही चारही अंगे एकाच माणसाने एकत्र विचारात घेतली होती, हे इथे ध्यानात ठेवावे.

सगळ्यांना ते अक्षर पटले नाही. इतक्या बारीक रेघांनी वाचणाऱ्यांचे डोळे जातील, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते. बेंजामिन फ्रँकलिनने १७६० मध्ये बास्करव्हिलला पत्र लिहून एक किस्सा कळवला. अशीच तक्रार करणारा एक गृहस्थ त्याला भेटला. फ्रँकलिनने कॅझलनच्या टाइपाचा, म्हणजे ज्याची सर्वांना सवय होती त्याच टाइपाचा नमुना घेतला, वरचा नावाचा भाग फाडला आणि तो बास्करव्हिलचा म्हणून त्या गृहस्थाच्या हातात दिला. गृहस्थाने त्यातही तेच दोष काढून दाखवले. बास्करव्हिलच्या बाजूचे लोक हा किस्सा आवडीने सांगतात. मला त्यातून दोन्ही बाजूंना लागू पडणारी गोष्ट दिसते. नाव ऐकून अक्षराला नावे ठेवू नयेत, तसेच नाव ऐकून ते डोक्यावरही घेऊ नये. कागद हातात घ्यावा आणि वाचून पाहावा.

बास्करव्हिलने उघडलेल्या वाटेवर पुढे दोघे आले. पॅरिसच्या दिदो या मुद्रक घराण्यातल्या फिर्मां दिदोने १७८४ च्या सुमारास जाड आणि बारीक यांतला फरक टोकाला नेला. टोकाच्या पट्ट्या त्याने निव्वळ सरळ रेघा करून टाकल्या. (टाइपाच्या आकाराचे पॉइंट हे माप शिस्तीत आणण्यातही याच घराण्याचा मोठा वाटा आहे.) इटलीत पार्माच्या ड्यूकचा छापखाना १७६८ पासून जांबात्तिस्ता बोडोनीच्या हाती होता. त्याने हीच तऱ्हा इतक्या निष्ठेने घासूनपुसून परिपूर्ण केली की आज या जातीच्या अक्षराला लोक त्याच्याच नावाने ओळखतात. १८१३ मध्ये तो गेला. त्याच्या टाइपांच्या नमुन्यांचा दोन खंडांचा संग्रह 'मानुआले तिपोग्राफिको' त्याची पत्नी मार्गेरिता हिने १८१८ मध्ये पूर्ण करून प्रसिद्ध केला. पार्मात त्याच्या नावाचे संग्रहालय आहे आणि त्याच्या छापखान्यातले हजारो पोलादी ठसे तिथे आजही जपून ठेवले आहेत.

इतके ठसे कशासाठी लागले, या प्रश्नातच आपल्या अडचणीचे मूळ आहे. तेव्हा प्रत्येक आकाराचा टाइप वेगळा कोरावा लागे. पोलादाच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ते तांब्यात ठोकून साचा करायचा, त्या साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. सहा पॉइंटाचे अक्षर आणि साठ पॉइंटाचे अक्षर ही दोन स्वतंत्र कोरीव कामे होती. लहान अक्षर कोरताना कारागीर बारीक रेघ जराशी जाड ठेवी, अक्षर किंचित रुंद करी, आतली पोकळी मोठी ठेवी. मोठ्या अक्षरात मात्र तो रेघ हवी तितकी बारीक करी, कारण तिथे ती टिकणार हे त्याला ठाऊक असे. दिसायला दोन्ही एकाच घराण्यातली, पण कामे वेगळी. हे शहाणपण खिळ्यांबरोबर गेले. फोटोच्या तंत्राने अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा एकच मूळ चित्र भिंगाने लहान-मोठे करणे सोयीचे वाटू लागले. संगणकावर तर ते आणखी सोपे झाले. आकड्यांच्या चौकटीत ९ लिहा की ७२ लिहा, अक्षर तेच.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या अक्षराची बारीक रेघ त्याच्या आकाराच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी आहे. ७२ पॉइंटाच्या शीर्षकात ती रेघ सुमारे दीड पॉइंट, म्हणजे अर्धा मिलिमीटर होईल. देखणी दिसेल. तेच अक्षर ९ पॉइंटात लावले तर रेघ ०.१८ पॉइंटाची, म्हणजे ०.०६ मिलिमीटरची होते. छापखान्यातले जाणकार पाव पॉइंटापेक्षा बारीक रेघ देऊ नका असे सांगतात. इंचाला तीनशे ठिपके पाडणाऱ्या यंत्राचा एक ठिपकाच ०.०८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे ती रेघ त्या ठिपक्याहूनही बारीक. ती नीट कशी उमटणार?

ज्यांचा हा धंदा आहे ते हे जाणतात. अमेरिकेतल्या 'हार्पर्स बझार' मासिकाचे रूप १९९२ मध्ये कलादिग्दर्शक फाबियाँ बारोंने पालटले. त्यासाठी जोनाथन हफलरने दिदोच्या वळणाचा जो टाइप केला, तो सात वेगवेगळ्या आकारांसाठी सात वेळा रेखाटला होता. सर्वांत लहान ६ पॉइंटासाठी, सर्वांत मोठा ९६ साठी. जगातल्या श्रीमंत मासिकांनाही एकच रेखाटन सगळीकडे पुरले नाही. आपल्या स्मरणिकेत तेच अक्षर शीर्षकालाही आणि आतल्या ऋणनिर्देशालाही लावून भागेल, अशी अपेक्षा कशी ठेवायची?

इथवर रोमन लिपीचे झाले. आपल्या लिपीत बारीक रेघेचे मोल याहून कितीतरी जास्त आहे, आणि या आवाहनात मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते हेच.

रोमन अक्षरात एखादी बारीक रेघ तुटली तरी शब्द बहुधा ओळखू येतो. देवनागरीत बारीक रेघ कित्येकदा अर्थच ठरवते. व च्या पोटात एक तिरपी रेघ आली की ब होतो. प च्या पोटात तीच रेघ आली की ष होतो. ती रेघ छपाईत उडाली तर बर्वे यांचे वर्वे होतात, 'बाळ' चे 'वाळ' होते आणि 'विषय' चा 'विपय'. मोठी बातमी वाचताना डोळा अशा चुका सांभाळून घेतो, कारण मागचापुढचा संदर्भ असतो. लग्नपत्रिकेत मात्र बहुतेक सगळी नावे आणि आडनावेच असतात. नावाला संदर्भ नसतो. छापले तसेच ते वाचले जाते.

शिरोरेषेचेही तसेच. ध आणि घ, भ आणि म या जोड्यांत एक मोठा फरक असा की ध आणि भ यांच्या डोक्यावर शिरोरेषा काही भाग मोकळी असते, घ आणि म यांच्यावर ती सलग असते. शिरोरेषा इतकी बारीक केली की ती छपाईत विरून जाऊ लागली, तर हा फरक पुसट होतो आणि सगळा भार डावीकडच्या इवल्याशा गाठीवर पडतो. तीही बारीक रेघेनेच काढलेली असते. वर मात्रा, रफार, वेलांटी, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांच्या शेपट्या. ही सगळी लहान लहान चिन्हे बारीक रेघांवर उभी असतात आणि त्यांच्यावाचून मराठी वाक्य उभे राहत नाही.

यामागे बोरूचा इतिहास आहे. जाड-बारीक ही काही युरोपकडून उसनी घेतलेली गोष्ट नव्हे. आपल्या पोथ्या तिरप्या कापलेल्या बोरूने लिहिल्या जात आणि त्यात जाड-बारीकपणा आपसूक येई. पण आपल्याकडे टोकाचा कोन रोमन लिहिणाऱ्याच्या कोनाच्या उलट असतो, म्हणून जाडी वेगळ्या दिशेला पडते. त्या कोनात दांडा आणि शिरोरेषा यांच्या जाडीत फार तफावत राहत नाही, बारीकपणा येतो तो गोलाईच्या ठरावीक वळणांवर. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये टाइपाचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. तिथले संस्कृत ग्रंथ जुन्या ग्रंथालयात मिळाले तर जरूर उघडून पाहा. अक्षरात जाड-बारीक स्पष्ट आहे, तरी तासभर वाचले तरी डोळा शिणत नाही, कारण बारीक रेघ कुठे असावी आणि किती असावी हे लिपीच्या स्वभावाप्रमाणे ठरलेले आहे. बोडोनीचे 'उभे ते जाड, आडवे ते बारीक' हे सूत्र जसेच्या तसे देवनागरीवर बसवले तर शिरोरेषेचाच पहिला बळी जातो. हा सगळा विषय मुळापासून समजून घ्यायचा असेल, तर बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा इंग्रजी ग्रंथ आहे. भाषा संचालनालयाने तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला.

म्हणजे देवनागरीत असे दिमाखदार अक्षर असूच नये असे नाही. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये काढलेला 'रोझा वन' हा याच जातीचा टाइप आहे. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही एकमेकांना साजेशी रेखाटली आहेत, आणि तो मोठ्या शीर्षकांसाठी आहे असे करणाऱ्यांनीच सांगितले आहे. मुखपृष्ठावर, पत्रिकेतल्या वधूवरांच्या नावांना, नाटकाच्या फलकावर तो शोभतो. तिथे लावा आणि बिनधास्त मोठा लावा. स्थळ, वेळ, निमंत्रक, आहेर आणू नये ही विनंती, हे सगळे दुसऱ्या अक्षरात जाऊ द्या.

ते दुसरे अक्षर शोधायला फार लांब जावे लागत नाही. 'तिरो देवनागरी मराठी' हा निर्णयसागरच्या वळणावरून स्फूर्ती घेऊन केलेला, वाचनासाठीचा टाइप आहे, आणि नावाप्रमाणे मराठीच्या गरजा पाहून केलेला आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' साधा, सरळ, जाडीत फारसा चढउतार नसलेला. अगदी लहान आकारातही तो स्वच्छ राहतो. वैभव सिंह यांचा 'एक्झार' दणकट आहे. हे सगळे टाइप आणि 'रोझा वन' सुद्धा मुक्त परवान्यावर मिळतात, छापील कामासाठी वापरायला पैसे पडत नाहीत. त्यामुळे 'आमच्याकडे तो फॉन्ट नाही' असे उत्तर मिळाले तर तुम्ही तो पाच मिनिटांत उतरवून देऊ शकता.

एक फसगत इथे मुद्दाम सांगायला हवी. मोबाइलवरच्या पत्रिका बनवणाऱ्या ॲपमध्ये इंग्रजी नावांची यादी असते आणि त्यात 'प्लेफेअर डिस्प्ले' पुष्कळांना आवडतो. क्लाउस एगर्स सोरेनसेन या डेन्मार्कच्या टाइपकाराचा तो २०११ चा टाइप, बास्करव्हिलच्या काळाची आठवण ठेवून केलेला, खरोखर सुरेख. पण त्यात देवनागरी नाही. तुम्ही त्यात मराठी लिहिलेत की यंत्र काही न बोलता दुसराच कुठला तरी देवनागरी टाइप त्या जागी घालते. इंग्रजीतले नाव एका थाटाचे आणि त्याखालचे मराठी नाव भलत्याच थाटाचे, असे कितीतरी पत्रिकांत दिसते, त्याचे कारण हेच. यादीतले नाव पाहून अक्षर निवडू नका. आपले स्वतःचे मराठी नाव त्यात लिहून पाहा.

लिहून पाहायला शब्दही नीट निवडा. 'शुभविवाह' एवढे लिहून काही कळत नाही. 'दऱ्याखोऱ्या', 'तऱ्हा', 'षष्ट्यब्दी', 'भाऊबीज', 'कार्यकर्त्यांची', 'विठ्ठल', 'ॲडव्होकेट' हे लिहा. अर्धा र मोडतो का, रफारावरचा अनुस्वार दिसतो का, ॲ च्या जागी चौकट येते का, ठ ला ठ नीट जोडला जातो का, हे लगेच समजेल. ल आणि श यांच्याकडेही बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपे आहेत. राज्य सरकारने २००९ च्या निर्णयात तीच प्रमाण ठरवली. पुष्कळ टाइपांत हिंदीची रूपे आपोआप येतात आणि मराठीची रूपे आत दडलेली असतात. डीटीपी करणाऱ्याला मजकुराची भाषा मराठी निवडायला सांगितली, तर टाइपात ती सोय असल्यास ल आणि श बदलतात.

बऱ्याच ठिकाणी अजून युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे फॉन्ट वापरले जातात. तुम्ही मोबाइलवर लिहून पाठवलेला मजकूर तिथे रूपांतरित करून घेतला जातो. हे रूपांतर होताना नेमकी जोडाक्षरे, अर्धा र आणि ॲ निसटतात. म्हणून मजकूर एकदा तपासून दिला होता एवढ्यावर विसंबू नका. पान लागल्यावर पुन्हा वाचा, आणि शक्यतो ज्याने मजकूर लिहिला नाही अशा माणसाकडून वाचून घ्या.

आता संगणकासमोर बसल्यावर होणाऱ्या काही गोष्टी. परदेशी मासिकांच्या मुखपृष्ठांवर मोठी रोमन अक्षरे सुटी सुटी, ऐसपैस अंतराने मांडलेली असतात आणि छान दिसतात. ते पाहून मराठी शीर्षकातही अक्षरांमधले अंतर वाढवले जाते. मग शिरोरेषेचे तुकडे होतात, काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. कृपा करून असे करू देऊ नका. मराठी शीर्षकाला मोकळेपणा हवा असेल तर सभोवती कोरी जागा सोडा, अक्षर मोठे करा, शब्द कमी करा.

दुसरे, नाव लांब आहे म्हणून ते आडवे दाबून ओळीत बसवणे. दाबले की उभे दांडे बारीक होतात, आडव्या रेघा मात्र तेवढ्याच राहतात. ज्या तोलासाठी हे अक्षर निवडले तो तोलच मोडतो. नाव दोन ओळींत घ्या. बोल्डचे बटणही तसेच. ज्या टाइपात वेगळे ठळक रेखाटन नाही, त्यात ते बटण दाबले की यंत्र सगळ्या रेघा सरसकट फुगवते आणि आतल्या पोकळ्या भरून जातात.

ओळींमधल्या अंतरात तर मुळीच कंजूषपणा नको. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार-वेलांट्या एकमेकांत अडकल्या की बारीक रेघा गुंततात. १२ पॉइंटाच्या मराठी मजकुराला १८ च्या आसपास ओळअंतर द्यावे असे मी सुचवीन. पाने वाढली तर मजकूर थोडा कमी करा. अध्यक्षांच्या मनोगतातला एखादा परिच्छेद गेला तरी चालतो.

कागद आणि शाईचा निर्णय शक्यतो अक्षराबरोबरच घ्या. आर्ट पेपरवर शाई पसरत नाही, रेघ जशीच्या तशी राहते. मॅपलिथोवर थोडी पसरते. वर्तमानपत्री कागदावर बरीच पसरते आणि लहान पोकळ्या बुजतात. गडद रंगावर पांढरे अक्षर सोडले की भोवतालची शाई सगळ्या बाजूंनी अक्षरात घुसते आणि बारीक रेघ सर्वांत आधी जाते. मरून पार्श्वभूमीवर सोनेरी नाजूक अक्षर हे लग्नपत्रिकेचे लाडके रूप आहे, पण फॉइल दाबताना बारीक रेघ कधी तुटते तर कधी भरते. तसे करायचेच असेल तर फक्त दोन नावांपुरते करा, मोठ्या आकारात करा. बारीक मजकूर फिक्या कागदावर निव्वळ काळ्या शाईत छापा. चार रंगांच्या मिश्रणाने बनवलेला तपकिरी किंवा जांभळा रंग लहान अक्षराला देऊ नका. चार प्लेटा अगदी थोड्या सरकल्या तरी प्रत्येक रेघेला सावली दिसते.

एवढे सगळे तुम्ही स्वतः करायचे नाही. ते काम डीटीपी करणाऱ्या दादांचे किंवा ताईंचे आहे आणि त्यांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले कळते. बहुतेक वेळा त्यांना घाईत काम उरकायला लावणारे आपणच असतो. परवा लग्न आहे, आज रात्री पत्रिका हवी, असे म्हटल्यावर ते तरी काय करणार? त्यांच्याशी नीट बोला. "दादा, छापायला टाकण्याआधी खऱ्या साइजची एक प्रिंट काढून द्या ना, त्याच कागदावर. त्याचे पैसे वेगळे देतो." एवढे म्हणायला संकोच वाटू देऊ नका. ऑफसेटचे काम असेल आणि तोच कागद आधी मिळत नसेल, तर साधी लेझर प्रिंट घ्या, पण ती शंभर टक्के आकाराची असू द्या. 'फिट टू पेज'ने पान आक्रसलेले किंवा फुगलेले नको.

ती प्रत घरी आणा. संध्याकाळी घरातल्या नेहमीच्या दिव्याखाली घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या हातात द्या आणि सगळी नावे मोठ्याने वाचायला सांगा. आजी एखाद्या नावाशी अडखळल्या किंवा आजोबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, तर तिथे खूण करा. चष्मा बदला असे त्यांना सांगू नका, अक्षर बदला. निमंत्रण ज्यांच्या आशीर्वादासाठी पाठवायचे, त्यांनाच ते वाचता येऊ नये हे फार वाईट.

नुसती मोबाइलवर पाठवायची पत्रिका असेल तर ती स्वतःलाच पाठवा आणि बोटांनी मोठी न करता, पडदा अर्ध्या उजेडावर ठेवून वाचा. ॲप चित्र पाठवताना ते दाबून लहान करतात, त्यात बारीक रेघा धुरकट होतात. पत्रिकेबरोबर तारीख, वेळ आणि पत्ता साध्या मजकुरातही लिहून पाठवा. ज्यांना कमी दिसते ते तो मजकूर मोबाइलकडून मोठ्याने वाचून घेऊ शकतात, चित्रातला मजकूर त्यांच्या कामी येईलच असे नाही.

राहिला मोठ्या कामाचा प्रश्न. दिवाळी अंकाचे किंवा नियतकालिकाचे नाव, संस्थेचे नाव, दुकानाची पाटी, नाटकाचे शीर्षक, म्हणजे जे एकदा ठरवून वर्षानुवर्षे वापरायचे आहे. तिथे फॉन्टच्या यादीत शोधत बसण्याऐवजी अक्षर काढणाऱ्या माणसाकडे जा, असे मी आग्रहाने सांगेन. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. प्रत्येक नाटकाच्या नावाला त्यांनी त्याचे त्याचे रूप दिले, आणि ते त्या शब्दातल्या मात्रा, दांडे आणि वळणे पाहून दिले. हाताने अक्षर काढणारा माणूस जाड किती आणि बारीक किती हे तुमच्या शब्दापुरते ठरवतो. बारीक रेघ कुठे टिकेल, कुठे तुटेल, पाटी रस्त्यापलीकडून वाचायची आहे की अंक हातात धरून, हे तो आधी विचारतो. महाराष्ट्रात सुलेखन आणि अक्षररचना शिकलेली तरुण मुले-मुली आज पुष्कळ आहेत, उपयोजित कलेच्या प्रत्येक महाविद्यालयातून दरवर्षी बाहेर पडतात. त्यांना काम सांगा, योग्य मोबदला द्या, आणि तेच नाव मोठे, मध्यम आणि अगदी लहान अशा तीन आकारांसाठी वेगवेगळे काढून मागा. लहान आकारातली बारीक रेघ जरा जाड ठेवा, एवढे सांगितले की काय हवे आहे ते त्यांना समजेल.